इन्कॉग्निटोत बघितलेले फ्लॅट आप्पांच्या टॅबवर कसे पोचले?

जुनाइंदुरी (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, भानगड घरगुती आहे, पण तोडगा तांत्रिक हवाय.

इंदूरच्या रामबागेत आमचं जुनं घर. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि आप्पांच्या गुडघ्यांनी आता जवाब दिलाय. बायको आणि मी महिनाभर कुजबुजतोय की निपानियाकडे किंवा सुपर कॉरिडॉरला एखादा लिफ्टवाला फ्लॅट बघून ठेवावा. नुसता बघावा. आप्पांपुढे विषय काढायची छाती झालेली नाही. घरातला लॅपटॉप एकच आणि तो आप्पाही वापरतात, म्हणून गेल्या गुरुवारी रात्री इन्कॉग्निटो (क्रोम ब्राउझरची ती 'गुप्त') खिडकी उघडली, दीड तास भाव बघितले, खिडकी बंद केली आणि झोपलो. हिस्टरी तपासली, कोरी करकरीत.

रविवारी सकाळी आप्पा टॅबवर अभंग लावून पोहे खात होते. अभंगाआधी जाहिरात आली. चकचकीत इमारत, हिरवळ, झोपाळ्यावर म्हातारा-म्हातारी, 'थ्री बीएचके, दोन लिफ्ट, बायपासपासून पाच मिनिटं'. आप्पांनी चमचा बशीत ठेवला.
"काय रे, घर काढताय का?"
म्हटलं, जाहिरात आहे आप्पा, सगळ्यांनाच दाखवतात.
"मला आजवर गुडघ्याचं तेल दाखवायचे."

यावर मी काय बोलणार? तर प्रश्न असा, की मग ते टोपी-चष्म्याचं चित्र लावून 'गुप्त' म्हणून जे काही देतात, ते नक्की कोणापासून गुप्त?

गराडूप्रेमी (रात्री १०.५२)

फोन ऐकतो भिया, लिहून घ्या. तुम्ही आणि वहिनी कुजबुजलात ना, तिथेच पकडलं.

सरळसोट (रात्री ११.०१)

ऐकायची मेहनत कशाला घेतील? आपण दीड तास बसून स्वतःच्या बोटांनी टाइप करून देतोय की.

मधुरा_टिळकनगर (रात्री ११.३५)

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, दिवसाला वीसेक वेळा इन्कॉग्निटो उघडते. त्यामुळे थोडं लांबट लिहिते.

इन्कॉग्निटो म्हणजे पाटी पुसणं. खिडकी बंद केली की तुमच्या बाजूची पाटी पुसली जाते: कुठे गेलात, त्या वेळच्या कुकीज (साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा), फॉर्ममध्ये काय भरलंत. पण समोरचा दुकानदार त्याच्या वहीत जे मांडतो, ती वही त्याच्याकडेच राहते. तुम्ही घरी जाऊन पाटी पुसलीत म्हणून वाण्याच्या वहीतली उधारी पुसली जात नाही. आणि आपली पाटीसुद्धा पूर्ण पुसली जात नाही. डाउनलोड केलेली फाइल आणि बुकमार्क तसेच राहतात.

ही सोय आली तीच मुळी घरातल्या माणसांपासून लपवायला. ॲपलने सफारीत २००५ मध्ये आणली, क्रोम २००८ मध्ये आलं ते इन्कॉग्निटो घेऊनच, इंटरनेट एक्सप्लोरर आणि फायरफॉक्सने २००९ मध्ये. एकाच संगणकावर चौघं बसायची ते दिवस होते. नवऱ्याने बायकोच्या वाढदिवसाची साडी शोधली आणि तिला दिसू नये, एवढीच महत्त्वाकांक्षा. बाहेरच्या जगाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. तो आपण आपल्या मनाने जोडला.

अगदी निरुपयोगी म्हणणार नाही. क्रोम इन्कॉग्निटोत थर्ड पार्टी कुकीज आपणहून अडवतं. म्हणजे बातम्यांच्या पानावर चिकटलेली जाहिरात कंपनी जी चिठ्ठी तुमच्या खिशात टाकते आणि पुढच्या दुकानात वाचते, ती चिठ्ठी बरीचशी बंद. फायरफॉक्स आणि सफारीत तर साध्या खिडकीतही या बाबतीत बऱ्यापैकी बंदोबस्त आहे. पण चिठ्ठी हा ओळखायच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक.

आता तीन प्रश्न, खरी उत्तरं द्या. त्या खिडकीत कुठे लॉगिन केलं होतंत? कुठे मोबाइल नंबर दिलात? टॅब आणि लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत?

जुनाइंदुरी (रात्री ११.४४)

लॉगिन नाही. नंबर तर मुळीच नाही. वायफाय अर्थातच एकच, घर एक आहे.

सायबरवाला_माजी (मंगळवार, सकाळी ७.१५)

भंवरकुआला माझं सायबर कॅफे होतं, बारा संगणक, कोचिंगची पोरं. त्या काळच्या 'प्रायव्हसी'ची गंमत सांगतो. पोरांना वाटायचं प्लायवूडची केबिन म्हणजे गुप्तता. मग २०११ मध्ये सायबर कॅफेचे सरकारी नियम आले. ओळखपत्र बघायचं, रजिस्टरात नाव-वेळ लिहायची, कोणत्या संगणकावरून कोणत्या साइट उघडल्या त्याची नोंद वर्षभर ठेवायची. आणि केबिनची आडभिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको. मी स्वतः करवत आणून प्लाय कापला होता. खाली भुसा आणि वर बारा डोकी!

पोरं जाताना मोठ्या आत्मविश्वासाने हिस्टरी पुसून जायची. त्यांची नोंद माझ्या काउंटरवरच्या संगणकात. त्या पोरांना मी कधी काही बोललो नाही. धंदा होता.

पत्रिकावाला (सकाळी ९.३०)

मधुराताई म्हणतात तो दुसरा मार्ग मी स्वतःवर करून बघितलाय.

माझा लग्नपत्रिका छपाईचा धंदा. संगणकात कृतिदेव, चाणक्य, शिवाजी, श्रीलिपी असले दोनशेवर फॉन्ट. मुलाने एकदा 'कव्हर युअर ट्रॅक्स' नावाचं पान उघडून दिलं, अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं. ते तुमचा ब्राउझर तपासून सांगतं की तुम्ही गर्दीत ओळखू येता की नाही. मी एकमेव निघालो! स्क्रीनचा आकार, ग्राफिक कार्ड, भाषा, घड्याळाचा प्रदेश आणि फॉन्ट, असं सगळं जोडून एक ठसा बनतो. फॉन्टची यादी कोणी मागत नाही म्हणे, पान गुपचूप एकेका फॉन्टमध्ये अक्षरं काढतं आणि रुंदी मोजतं. रुंदी बदलली म्हणजे फॉन्ट आहे. तीस वर्षं मी हेच काम फुटपट्टीने करतोय आणि मला कोणी दाद दिली नाही.

मग तेच इन्कॉग्निटोत केलं. पुन्हा एकमेव. वेष पालटला तरी चाल तीच.

मधुरा_टिळकनगर (सकाळी ९.५२)

काका, कमाल उदाहरण! त्याच संस्थेने २०१० मध्ये याच्या आधीची चाचणी केली होती, पॅनॉप्टिक्लिक नावाची. तेव्हाच तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेव निघाले होते. टॉर ब्राउझर याच्यावर उलटा उपाय करतो. तुमचा वेष बदलण्याऐवजी सगळ्यांना एकच गणवेश घालतो. फॉन्टही तो ठरलेलेच वापरतो, तुमचा कृतिदेव पानाला दिसतच नाही. पण तो संथ चालतो, आणि बँकेच्या साइट त्याच्याकडे चोर बघितल्यासारखं बघतात. फ्लॅटचे भाव बघायला एवढं करायची गरज नाही.

फायरवॉल (दुपारी १.१०)

एका कंपनीत नेटवर्क सांभाळतो, नाव विचारू नका. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

आमच्याकडची अर्धी मंडळी इन्कॉग्निटोत नोकऱ्या शोधतात. मला लॉगमध्ये साइटचं नाव, वेळ, संगणक, सगळं दिसतं. साधारणपणे एचटीटीपीएसमुळे (साइटशी होणारं बोलणं कुलूपबंद करणारी पद्धत) पानावर काय वाचलं ते दिसत नाही, दुकानाची पाटी दिसते, आत काय घेतलं ते नाही. घरी तुमच्या इंटरनेट कंपनीलाही बहुतेक एवढंच दिसतं. पण लॅपटॉप कंपनीचा असेल आणि त्यात कंपनीने स्वतःचं सर्टिफिकेट टाकलं असेल, तर आतलंही दिसू शकतं. इन्कॉग्निटोचा याच्याशी काही संबंध नाही, ते आमच्या पायरीपर्यंत पोचतच नाही.

विंडोजमध्ये आणखी एक गंमत. साइटच्या नावावरून पत्ता शोधला की विंडोज तो बहुधा थोडा वेळ स्वतःकडे लक्षात ठेवतं, मग तो कोणत्याही खिडकीतून शोधलेला असो. काळ्या कमांड खिडकीत एक ओळ लिहिली की यादी हजर. संगणक रीस्टार्ट केला की जाते.

बाकी कोण कुठे अर्ज करतंय हे मला माहीत असतं आणि मी गप्प असतो. एकदा माझ्याच बॉसची यादी दिसली होती.

बेधडक_भाऊ (दुपारी १.२२)

एवढा काथ्याकूट कशाला? ज्याला काही लपवायचं नाही त्याला कसली भीती?

सुलूमावशी (दुपारी २.०५)

बेधडकराव, माझं लग्न होऊन मी इंदुरात आले तेव्हा माहेरची अंतर्देशीय पत्रं यायची. सासूबाई आधी फोडायच्या, वाचायच्या, मग माझ्या हातात द्यायच्या. पत्रात लपवण्यासारखं काहीही नसायचं. आईच्या लोणच्याची खबर आणि कुणाला मुलगा झाला. तरी आईने हळूहळू 'तुझी तब्येत कशी' एवढंच लिहायला सुरुवात केली. मला काही न सांगता.

गराडूप्रेमी (दुपारी २.११)

मावशी, दंडवत.

अ‍ॅड_महू (दुपारी ४.४०)

कोर्टाची बाजू. अमेरिकेत जून २०२० मध्ये गूगलवर नेमका याच विषयाचा खटला दाखल झाला. लोक इन्कॉग्निटोत असतानाही गूगलची अ‍ॅनालिटिक्स आणि जाहिरातींची यंत्रणा माहिती गोळा करत होती, असा आरोप. मागणी किमान ५ अब्ज डॉलरची. गूगलचं म्हणणं, आम्ही सांगितलंच होतं की साइटना तुम्ही दिसू शकता. डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड ठरली, एप्रिल २०२४ मध्ये अटी बाहेर आल्या. अब्जावधी नोंदी नष्ट करायच्या, आणि इन्कॉग्निटोतल्या थर्ड पार्टी कुकीज पाच वर्षं आपणहून अडवलेल्या ठेवायच्या. सर्वसामान्य वापरकर्त्यांना त्या तडजोडीत पैसा मात्र मिळाला नाही, ज्याला हवा त्याने वेगळा दावा लावावा. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

याच सुमारास इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरचा मजकूरही बदलला. आता तिथे स्पष्ट म्हटलंय की तुम्ही उघडता त्या साइट आणि त्या वापरतात त्या सेवा, गूगलसकट, माहिती कशी गोळा करतात त्यात याने फरक पडत नाही. एवढी वर्षं ते पान आपण सगळे न वाचता पुढे जातोय.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात मला आवडलेली एक बारीक गोष्ट: संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मागता येईल. म्हणजे मराठीत. 'मी सहमत आहे' हे निदान आईच्या भाषेत दाबू.

बेधडक_भाऊ (सायं. ५.१५)

बरं ते सोडा. इन्कॉग्निटोत विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं हे तरी खरं ना? आमचा साडू दर वेळी तसंच काढतो.

सरळसोट (सायं. ५.३०)

मी इंदूर-पुणे दोन खिडक्या शेजारी शेजारी लावून बघितलं आहे. रुपयाचा फरक नाही. वीस मिनिटांनी दोन्हीकडे साडेसहाशेने वाढलं. त्या भावातल्या जागा संपल्या की वरचा भाव लागतो, तुमच्या टोपी-चष्म्याकडे कोणी बघत नाही. साडूंना म्हणावं, भाव तपासत बसण्यापेक्षा लवकर काढा.

मधुरा_टिळकनगर (रात्री ९.२०)

मोबाइलवाल्यांसाठी एक जास्त गंभीर गोष्ट. जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी उघड केलं की अँड्रॉइड फोनवर मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी) आणि रशियाच्या यांडेक्सची ॲप्स फोनच्या आतल्या आत एक 'दार' उघडून बसत होती. तुम्ही ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडली आणि तिच्यावर मेटाचा पिक्सेल (पानात दडवलेला माग काढणारा कोड) असला, की तो पिक्सेल त्या आतल्या दारातून कुकीची खूण फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या ॲपला पोचवायचा. ॲपमध्ये तुम्ही नावानिशी लॉगिन असताच. म्हणजे अनोळखी पाहुण्याला घरातलाच माणूस नावाने हाक मारतो तसं. इन्कॉग्निटो, कुकीज पुसणं, कशाचाही उपयोग नव्हता. यांडेक्स हे २०१७ पासून करत होतं, मेटा सप्टेंबर २०२४ पासून. बातमी फुटली आणि मेटाने ते लगोलग थांबवलं. थांबवता येत होतं म्हणजे.

तेव्हापासून मी फोनमधलं फेसबुकचं ॲप काढलं. गरज लागली तर ब्राउझरमधून बघते. गरज फारशी लागत नाही.

गराडूप्रेमी (रात्री ९.२८)

मग सरळ व्हीपीएन घ्या ना सगळे, प्रश्न मिटला.

फायरवॉल (रात्री ९.४५)

नाही मिटत. व्हीपीएन तुमची सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवतं. त्याने आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा नंबर) झाकला जातो, पण जी खबर आधी इंटरनेट कंपनीकडे होती ती आता व्हीपीएन कंपनीकडे. चौकीदार बदलला एवढंच. सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ मध्ये हुकूम काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत. त्यावरून काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच गुंडाळले. आणि फुकट व्हीपीएन तर घेऊच नका, त्याचा खर्च कुठून तरी निघतोच.

धागाकर्त्याच्या केसमध्ये मला वायफायचा संशय येतो. घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या जगाला सहसा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. एकाने फ्लॅट बघितले की त्या 'घराला' फ्लॅट दाखवायचे, असा अंदाज जाहिरातवाले बांधू शकतात.

जुनाइंदुरी (बुधवार, रात्री १२.३०)

मधुराताई, मी तुम्हाला खोटं सांगितलं. नकळत, पण खोटंच. फायरवॉल, तुमचा वायफाय निर्दोष निघाला. निदान मला तरी आता त्याची गरज वाटत नाही.

आज पुन्हा त्याच क्रमाने सगळं आठवत बसलो. त्या रात्री भाव बघताना आपलं घर किती चौरस फूट ते मला आठवेना. नगर निगमच्या संपत्तीकराच्या पावतीवर असतं, आणि पावती येते आप्पांच्या जीमेलवर. मी त्याच इन्कॉग्निटो खिडकीत शेजारच्या टॅबमध्ये आप्पांचं खातं उघडलं (पासवर्ड मीच ठेवलेला आहे), पावती बघितली, टॅब बंद केला. लॉगआउट नाही केलं. दोन मिनिटांचं काम, ते 'लॉगिन' म्हणून माझ्या डोक्यात नोंदवलंच गेलं नाही.

आता आप्पांच्या खात्यात गूगलचं अ‍ॅक्टिव्हिटीचं पान उघडलं. गुरुवारपासूनची यादी. सकाळी साडेसहाला एक भजन. मग आठला हवामान. मग एकदम रात्री ११.५२, 'निपानिया ३ बीएचके भाव'. १२.०४, 'सुपर कॉरिडॉर लिफ्ट फ्लॅट रेडी टू मूव्ह'. आणि १२.१९ ला, 'वडिलांच्या नावचं जुनं घर विकलं तर टॅक्स किती'. सगळं आप्पांच्या नावावर. जणू त्यांनीच मध्यरात्री उठून शोधलं.

मधुरा_टिळकनगर (रात्री १२.४१)

बरोबर. टॅब बंद केला तरी खिडकी उघडी असेपर्यंत लॉगिन टिकतं, आणि क्रोममधल्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांची पाटी एकच असते. जीमेलमध्ये शिरलात म्हणजे गूगलच्या शोधातही आप्पाच झालात. खिडकी मिटल्यावर तुमच्या बाजूला काही उरलं नाही, म्हणून हिस्टरी कोरी दिसली. वही गूगलकडे होती.

फोनवाल्यांनी तर जास्त जपा. तिथे इन्कॉग्निटोचे टॅब लोक बंदच करत नाहीत, आठवडाभर मागे उघडे पडलेले असतात.

नोंदी पुसता येतात, शेजारी चिन्ह आहे. तिथेच नोंदी ठरावीक महिन्यांनी आपोआप पुसायचीही सोय आहे. आणि जाहिरातींच्या सेटिंगमध्ये तो विषय कमी करता येतो.

सुलूमावशी (सकाळी ६.५०)

पुसलंस का?

जुनाइंदुरी (रात्री १०.१५)

मावशी, बोट त्या फुलीवर ठेवलं होतं. मग वाटलं, जाहिरात तर त्यांनी बघितलीच आहे, आता हे पुसलं तर तुमच्या सासूबाईंच्या वरताण होईल.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आप्पांजवळ बसलो आणि ते पानच दाखवलं. आप्पांनी चष्मा पुसला, यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. टॅक्सवाल्या ओळीवर बराच वेळ थांबले. मी तयारी करून बसलो होतो, की आता आजोबांचं नाव निघणार.

म्हणाले, "चौरस फूट कुठून घेतलेस?"
म्हटलं, पावतीवरून.
"पावतीत मागचा ओटा धरलेलाच नाही. अडीचशे फूट कमी लावलेस. असला भाव काढतात होय?"

सध्या एवढंच. आज सकाळी अभंगाआधी परत फ्लॅट आला. आप्पांनी 'स्किप' दाबलं नाही.

पत्रिकावाला (रात्री १०.२६)

वास्तुशांतीची पत्रिका माझ्याकडे. कृतिदेवात नाही, चांगल्या फॉन्टमध्ये काढू.

बेधडक_भाऊ (रात्री १०.३१)

निपानियात माझा मावसभाऊ ब्रोकर आहे, एकदम घरचा माणूस. तुमचा मोबाइल नंबर इथे टाका, उद्या सकाळीच फोन करायला लावतो.

जुनाइंदुरी (रात्री १०.३३)

खासगी निरोप करतो.